आधी सुई, मग सुरी

«डॉक्टरताई, माझं वय ४४. सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना उजव्या छातीत, काखेच्या बाजूला गाठ हाताला लागली. सुपारीएवढी असेल. अजिबात दुखत नाही. सासूबाई म्हणाल्या, दूध साकळलं असेल, एरंडाचं पान गरम करून बांध. धाकटा आता १२ वर्षांचा आहे! गावातल्या डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला, फरक नाही. दुसरे एक म्हणाले, सहा महिन्यांत गाठ विरघळवतो. तालुक्याचे सर्जन म्हणाले, ‘छोटीच आहे, काढून टाकू, मग तपासायला पाठवू.’ माझ्या मावशीला साठीत ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. सुई लावली आणि पसरला, असं घरात सगळे म्हणतात. तिची पूर्ण छाती काढली, आणि तो हात शेवटपर्यंत सुजलेला होता. म्हणून मला सुईचीही भीती वाटते आणि सुरीचीही. मिस्टरांना अजून बोलले नाही. आता हळदीकुंकवाचे दिवस, मग परीक्षा. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन दाखवावं म्हणते. दर महिन्याला स्वतः तपासायला हवं होतं, ते कधी केलं नाही, त्याचंही वाईट वाटतं. मुलगी १६ वर्षांची आहे, तिला काही धोका? – एक शिक्षिका»

ताई,

मे महिना फार लांब आहे. दिवाळीपासून धरलं तर तोवर सहा महिने होतील. पुढच्याच आठवड्यात दोन दिवस किरकोळ रजा टाका. हळदीकुंकू एक वर्ष सासूबाई सांभाळतील.

गाठ दुखत नाही म्हणून तुम्ही थांबलात. ‘दुखत नव्हती ना, म्हणून राहिलं,’ हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकते की पुढचं वाक्य मला पाठ असतं. दुखण्यावरून गाठीची जात कळत नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तरुण मुलींना होणारी फायब्रोअ‍ॅडेनोमाची निरुपद्रवी गाठ, ती हाताखाली सटकन निसटते, तीही दुखत नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन ठणकतात तेव्हा बायका रात्रीच्या रात्री जागतात, आणि ते बहुतेक वेळा हार्मोन्सचं काम असतं. ज्याला घाबरायचं त्याला आपण घाबरत नाही, आणि जे आपोआप जाणार असतं त्यापायी झोप घालवतो.

सासूबाईंचं निदान तुम्हालाही पटलेलं दिसत नाही. मुलाच्या वयापुढे तुम्ही उद्गारचिन्ह दिलंय. दुधाची गाठ बाळ अंगावर पीत असताना किंवा पिणं नुकतंच सुटल्यावर होते, बारा वर्षांनी होत नाही. गरम पान बांधून गाठ जात नाही, कातडी मात्र पोळते, आणि मग ती लाली पानाची की आजाराची, हा नवा प्रश्न आमच्यापुढे येतो. गोळ्यांच्या कोर्सचंही तसंच. लाल झालंय, गरम लागतंय, ठणका आहे, ताप आहे, तर अँटिबायोटिक देणं बरोबर. तुम्हाला यातलं काहीच नव्हतं. आणि ज्यांनी सहा महिन्यांत गाठ विरघळवायचं कबूल केलंय त्यांना एवढंच विचारा, की गाठ कसली आहे हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर आलं नाही तर पुडी तिथेच ठेवून या.

चाळिशीतल्या बाईच्या छातीत नवी गाठ आली तर ती पाण्याची असू शकते, हार्मोन्समुळे घट्ट झालेला भाग असू शकतो, आपल्याकडे क्वचित टीबीचीही निघते, आणि कॅन्सरची असू शकते. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हे अगदी खरं. पण तुमची गाठ त्या बहुतेकांतली आहे की नाही, हे या क्षणी कुणालाच माहीत नाही. सासूबाईंना नाही, त्या सर्जनना नाही, मलाही नाही. ते कळायचा रस्ता ठरलेला आहे. आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग सुई. तिन्ही झालं की निदान. यात क्रम महत्त्वाचा, कारण सुईनंतर आत रक्त साकळतं आणि फोटोत गोंधळ होतो.

म्हणूनच तालुक्याच्या सर्जनचं म्हणणं मला मान्य नाही. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. ‘काढून टाकू म्हणजे डोक्याचा ताप जाईल’ ही समजूत आपल्याकडे रुग्णांमध्येही आहे आणि डॉक्टरांमध्येही. पण हिशेब मांडून बघा. गाठ साधी निघाली, तर कदाचित ऑपरेशनची गरजच नव्हती. कॅन्सरची निघाली, तर ती नुसती खणून काढलेली असते, भोवतीचा निरोगी भाग पुरेसा घेतलेला नसतो, काखेतल्या गाठींचा (म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असतात त्या लसिकाग्रंथींचा) विचार झालेला नसतो, आणि टाका अशा जागी असतो की पुढच्या सर्जनला त्याच्याभोवती नव्याने आखणी करावी लागते. म्हणजे दुसरं ऑपरेशन आलंच. शिवाय काही कॅन्सरमध्ये आधी औषधं देऊन गाठ लहान करतात आणि मग कापतात. औषध लागू पडतंय की नाही, हे ती गाठ दर महिन्याला हाताला लागून सांगत असते. गाठच गेली तर ते कळायची सोय गेली. सुईने निदान होत असताना निदानासाठी सुरी लावू नये, हा माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडत नाही.

आता त्या सुईबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. तिला कोअर बायोप्सी किंवा ट्रूकट म्हणतात. तुम्हाला उताणं झोपवतात, हात डोक्याखाली. सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवून गाठ पडद्यावर आणतात. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात. ते आत जाताना चुरचुरतं, आणि त्या सगळ्या प्रकारात दुखतं ते एवढंच. मग कातडीला इवलीशी खाच, आणि सुई स्प्रिंगच्या यंत्राने आत जाते. ‘खट्’ असा आवाज येतो. दचकायला होतं, म्हणून चांगले डॉक्टर तो आवाज आधी हवेत काढून ऐकवतात. असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी शेवईच्या तुकड्याएवढा मांसाचा धागा निघतो, तो फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. मग दहा मिनिटं जागा दाबून धरायची, चिकटपट्टी लावायची, घरी जायचं. टाका नाही, भूल नाही, उपाशीपोटी जायची गरज नाही. आठवडाभर निळं पडेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. कुणी बारीक सुईचीच, म्हणजे एफएनएसी, करू म्हणाले तर ट्रूकट होईल का असं विचारा. बारीक सुईत सुट्या पेशी येतात. ट्रूकटच्या तुकड्यावरून कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा, कुठलं औषध चालेल, एवढं सगळं कळतं.

मावशीचं दुःख मी नाकारत नाही, पण सुईने तिचा कॅन्सर पसरवला नाही. त्या काळी बायका सुईपर्यंत पोचायच्या तेव्हा बहुतेकदा आजार आधीच काखेत आणि पुढे गेलेला असायचा. सुई आज लागली आणि महिन्याभरात पसरल्याचं कळलं, की घरातल्यांना दोन्हीचा संबंध लावावासा वाटतो. जगभर दरवर्षी लाखो बायकांची अशी तपासणी होते. सुई लावल्यामुळे त्यांचं आयुष्य कमी होत नाही. निदान लांबल्याने मात्र होतं.

मॅमोग्राफीत छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, काही सेकंद, प्रत्येक बाजूचे दोन फोटो. चेपतं, सहन होतं. त्यातलं रेडिएशन फार थोडं असतं. फोटोने कॅन्सर होतो हा मोबाइलवर फिरणारा निरोप तुमच्यापर्यंत पोचला असेल तर पुसून टाका. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात. साडीपेक्षा कुडता-सलवार सोयीचं. तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर नर्सबाईंना खोलीत थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. बाई-डॉक्टर मिळेपर्यंत थांबू मात्र नका.

पुण्याला कशाला जाताय? बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं काम बार्शीत १९८७ पासून चालू आहे, देशात त्याचा दाखला देतात. सोलापूरचं सिव्हिलही आहे. जिथे जाल तिथे बायोप्सीचा रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुमचा तुकडा जपून ठेवलेला असतो तो), तिन्ही मागून घ्या आणि जपून ठेवा. उद्या मुंबईच्या टाटाला जावं लागलं तर पहिल्याच दिवशी स्लाइड आणि ब्लॉक मागतात, आणि लोक पुन्हा लॅब शोधत गावाकडे फिरतात. पैशांचं म्हणाल, तर उपचार लागलेच तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवा. तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात, तेव्हा वैद्यकीय प्रतिपूर्तीची चौकशी कार्यालयात करून ठेवा आणि प्रत्येक बिलाची मूळ प्रत फाइलला लावा.

‘पूर्ण छाती काढतील का?’ हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रभर आहे. समजा कॅन्सर निघाला, तरी सुपारीएवढ्या गाठीला पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तन, खालचा स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी एकत्र काढायची पद्धत रूढ केली, आणि जास्त कापलं म्हणजे जास्त वाचलं हा समज पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकला. त्याला धक्का दिला तो अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी. फिशर यांच्या अभ्यासात १,८५१ बायका होत्या. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशनचा शेक दिला. वीस वर्षांनी, २००२ साली, हिशेब मांडला तेव्हा जगण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. आज गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन देणं हा दुय्यम उपचार समजला जात नाही. मात्र हे शेक काही आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागतात. मशीन लांब, राहायची सोय नाही, शेती आणि लेकरं घरी, म्हणून गावाकडच्या कितीतरी बायका ‘काढूनच टाका’ म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण निर्णय अडचणीवरून होतोय की आजारावरून, हे सही करण्याआधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे. सर्जनना तसं विचारा.

मावशीचा हात सुजला तो काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यामुळे; त्या गाठींतून हातातल्या लसिकेचा, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा होतो. आता जिथे शक्य असेल तिथे आधी दोन-चार गाठीच काढून बघतात, त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

दर महिन्याला स्वतः तपासलं नाही, याचा सल मनातून काढा. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना स्वतःची छाती तपासायचं रीतसर शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. २००२ साली निकाल आला: शिकवलेल्यांमध्ये कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून तारीख लावून बोटं फिरवायचा नेम मी कुणाला लावत नाही. आपलं शरीर एरवी कसं असतं हे माहीत असावं आणि बदल झाला की दाखवावं, एवढं पुरे. कातडीला खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झाली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं, एकाच बाजूने रक्त आलं, बोंडावरचं खरजेसारखं बरंच होईना, काखेत गाठ आली, तर थांबायचं नाही. तुमचा बदल उटणं लावताना तुम्हालाच सापडला.

प्रशिक्षित हाताची गोष्ट वेगळी. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. महिला आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी छातीची तपासणी करून घेतली, मशीन नाही, फक्त हात. २०२१ मध्ये निकाल छापून आला. कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तो फायदा दिसला नाही. हे वाचून ‘मग मी ४४ ची, मला काय उपयोग’ असं म्हणू नका. तो हिशेब काहीही त्रास नसलेल्या बायकांचा आहे. तुम्हाला गाठ आहे. गाठ असलेल्या बाईला तपासावं की नाही, यावर कुठल्याही डॉक्टरांचं दुमत नाही, मग ती २४ ची असो की ८४ ची.

लेकीला सध्या काहीही करायचं नाही. सोळाव्या वर्षी मॅमोग्राफी नको, भीती तर नकोच. साधारण ५ ते १० टक्के स्तनाचे कॅन्सर घराण्यातून आलेले असतात. मावशीला साठीत झाला, एवढ्यावरून तुमचं घराणं त्यातलं ठरत नाही. तुमचा रिपोर्ट कॅन्सरचा आला तर मात्र पन्नाशीच्या आत झाला म्हणून जनुकांच्या तपासणीबद्दल, बीआरसीए म्हणतात ती, तुम्ही स्वतःसाठी विचारायचं. तुमच्यात दोष सापडला तरच पुढे मुलीचा आणि मुलाचाही विचार. मुलाचाही म्हणते, कारण ही जनुकं बापाकडूनही पुढे जातात.

मिस्टरांना आजच सांगा. मुलं झोपल्यावर, चार वाक्यांत: गाठ आहे, दिवाळीपासून आहे, बार्शीला दाखवायचंय, बरोबर चला. ‘इतके दिवस का लपवलंस’ म्हणून चिडतील कदाचित. ते चिडणं घाबरण्याचंच असतं. त्यांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल. मावशीचा विषय निघालाच तर तो तिथे लांबवू नका.

रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. कॅन्सर आला तर त्याच दिवशी ऑपरेशनला धावायचं नाही. नीट आखणी करायला एक-दोन आठवडे गेले तर बिघडत नाही, दोन-चार महिने गेले तर बिघडतं. रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्या आहेत का बघा. नसतील तर त्याच ब्लॉकवर करून घ्या, पुढचं सगळं औषध त्यावर ठरतं. आणि रिपोर्ट साधा आला तर पेढे वाटण्याआधी मॅमोग्राफीच्या कागदावर शेवटी बायरॅड्स असं लिहून पुढे जो आकडा असतो तो वाचा. फोटोवरून कॅन्सरचा संशय किती, हे तो सांगतो. ४ किंवा ५ असेल आणि सुईचा रिपोर्ट म्हणत असेल की काही नाही, तर दोघांतलं कुणीतरी चुकत असू शकतं, विशेषतः ५ असेल तर. ‘हे दोन्ही जुळतं का?’ असं डॉक्टरांना विचारा. जुळत नसेल तर सुई पुन्हा लावून घ्या. ते नको म्हणाले तर दुसरीकडे लावून घ्या.